समुद्राकडची भिंत

नवऱ्याने चिकटपट्टी दातांनी तोडली, तिचं टोक अंगठ्याने फरशीवर दाबलं आणि गुडघ्यांवरच मागे सरकत तो म्हणाला, "ही झाली न्हाणीघराची भिंत. आता इथून कुणी आरपार जायचं नाही."

"मग आत कसं जायचं?" नणंदेने विचारलं.

"दारातून, ताई. हा मोकळा भाग दिसतोय ना, ते दार."

"बरं झालं सांगितलंस. मी आपली भुतासारखी भिंतींतून फिरत होते."

भिंगरीला हे फार आवडलं. पाच वर्षांची ती पोर लगेच घराची पहारेकरीण झाली. कुणाचा पाय पट्टीवर पडला की ती असेल तिथून ओरडायची, "भिंत आहे तिथे!" मग त्या माणसाला मागे जाऊन, वळसा घालून दारातून यावं लागायचं. आत्याला माघारी पाठवून झालं होतं, बाबालाही.

तालमीचा हॉल सकाळी रिकामाच असे. नाटकमंडळी दुपारनंतर यायची. एका बाजूला एकात एक अडकवलेल्या खुर्च्या, कोपऱ्यात रंगाचे डबे आणि उंचावरच्या खिडक्यांतून येणारा गार, पांढरट उजेड. नवरा नेपथ्य करायचा. लाकडी सेट उभा राहण्याच्या कितीतरी आधी तो असाच खऱ्या मापात जमिनीवर आखून द्यायचा, म्हणजे जिना कुठे, सोफा कुठे, दार कुठल्या बाजूला उघडतं हे नटांच्या पायांना कळायचं. आज मात्र त्याने नाटकातलं नव्हे, सुट्टीत भाड्याने राहायला घ्यायचं, दूरच्या एका बेटावरचं घर आखायला घेतलं होतं. घरमालकिणीने नकाशा फोनवर पाठवला होता. दुपारपर्यंत ती घर त्यांच्यासाठी राखून ठेवणार होती. तोवर हो की नाही ते कळवायचं होतं.

भिंगरीची आई हॉलच्या तोंडाशी पर्स खांद्याला लावूनच उभी होती. हा सगळा खटाटोप तिच्यासाठी होता. "फोटोंवरून मला काही कळत नाही," असं तिने लावून धरलं होतं. फोटोंत नारळीची झाडं होती, हिरवट स्वच्छ पाणी होतं आणि पाण्याच्या अगदी जवळ एक पांढरं घर होतं. ती विमा कंपनीत दावे तपासायची. तिच्या टेबलावर येणारे कित्येक अपघात अशाच सुंदर फोटोंनी सुरू व्हायचे. त्यात गेल्या हिवाळ्यात भिंगरीची छाती भरली होती. दवाखान्यातल्या त्या पलंगाशेजारी बसून काढलेल्या दिवसांनंतर पोरगी नजरेआड झाली की तिचा कामातला हात थांबायचा. भिंगरीच्या पायांत घरातही मोजे असायचे, अंगात उन्हातही स्वेटर. परवा डॉक्टर म्हणाले होते, "मुलगी ठणठणीत आहे. आता जरा आईला हवापालट द्या." नवरा हसला होता. ती हसली नव्हती.

"या मॅडम, या," नणंद म्हणाली. "घर बघायला आलात ना? की फाटकातूनच परत?"

नणंद शाळेत पीटी शिकवायची. बेटाचं खूळ तिनेच काढलं होतं आणि समुद्रावर उपयोगी पडेल म्हणून शिट्टी आत्तापासूनच गळ्यात अडकवली होती.

भिंगरीची आई पट्टीच्या दारातून आत आली. भिंगरीने पसंतीची मान हलवली.

"इथे पलंग," नवरा सांगू लागला. "वर मच्छरदाणी."

"ती झोपेत लोळते."

"खाली गादी टाकू."

"वीज गेली तर?"

"कंदील आहेत."

"दवाखाना?"

"होडीने पलीकडच्या किनाऱ्यावर. पण बेटावर नर्स आहे. मी बोललोय तिच्याशी."

"कधी बोललास?"

"काल. तू विचारणार हे माहीत होतं."

"नर्सच्या आईची तब्येत विचारलीस की नाही?" नणंद म्हणाली. "नाहीतर त्यावरून अडेल गाडी."

तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि पुढे गेली. दोन स्टुलं जोडून नवऱ्याने ओटा केला होता. ती ओट्यापाशी उभी राहिली. समोर काही अंतरावर त्याने सेटच्या सामानातली निळी ताडपत्री पसरली होती. तो समुद्र. भिंगरी त्याच्या काठावर बसून दोन्ही हातांनी पाणी मागे सारत होती.

ती ओट्याशी डावीकडे वळली, उजवीकडे वळली. खालच्या फळीवरचं भांडं काढावं तशी वाकली. वाकूनही पोरगी दिसत होती. मग ती पलंगाकडे जाऊन आली, न्हाणीघराच्या दारात उभी राहून आली. परत येऊन तिने पर्स खांद्यावरून काढली आणि ओट्यावर ठेवली.

"इथून सगळं दिसतं," ती म्हणाली.

"सगळं म्हणजे?"

"भिंगरी."

बहीणभावांनी एकमेकांकडे पाहिलं.

"मग?" नवऱ्याने जपून विचारलं.

"मग काय, जाऊ या." तिचा आवाज तिलाच हलका वाटला. "कळव त्यांना."

नवऱ्याने फोन काढला, निरोप लिहिला आणि पाठवण्याआधी पुन्हा एकदा नकाशा उघडला. त्याने जमिनीकडे पाहिलं, मग नकाशाकडे, मग परत जमिनीकडे. हातातल्या चिकटपट्टीच्या रिळाने त्याने मान खाजवली.

"काय झालं रे?" नणंदेने विचारलं.

"काही नाही," तो म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "आहे. काहीतरी झालंय." आणि बायकोजवळ आला. "माझा घोटाळा झालाय. मी तीनच बाजूंना भिंती घातल्यात. समुद्राकडची राहिली."

"राहिली म्हणजे?"

"सवयीने. त्या बाजूला आमचे प्रेक्षक बसतात. तिथे मी कधी भिंत घालतच नाही."

"नशीब, तू खरी घरं बांधत नाहीस," नणंद म्हणाली, पण तिच्याही आवाजात जोर नव्हता.

"तिथे भिंत आहे?" बायकोने विचारलं.

"आहे. दार आहे ते बाहेरच्या खोलीत. स्वयंपाकघराला वर झरोका आहे, त्यातून आभाळ तेवढं दिसेल."

फोन अजून त्याच्या हातात होता. निरोप लिहून तयार होता, नुसतं बोट टेकवायचं बाकी होतं. तो बोलला नसता तर तिला तिथे पोचेपर्यंत कळलं नसतं. तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याने फोन खिशात टाकला आणि तो पुन्हा गुडघ्यांवर बसला.

रिकाम्या हॉलमध्ये पट्टी ओढल्याचा चर्र आवाज मोठा वाटला. पिवळी रेघ बाहेरच्या खोलीपासून निघाली, दारापुरती थांबली, पुन्हा सुरू झाली आणि ओट्याच्या पलीकडून, तिच्या चपलांच्या पुढून सरकत गेली. तिने पर्स उचलून परत खांद्याला लावली.

"नको असेल तर नको म्हणून कळवतो," तो खालूनच म्हणाला. "मनापासून सांगतोय. पुढच्या वर्षी बघू."

नणंद शिट्टी दातांत धरून खुर्चीवर बसली.

भिंगरी समुद्रातून उठून आली होती. मोज्यातल्या अंगठ्याने तिने नवी पट्टी चाचपून पाहिली.

"ही पण भिंत?"

"हो," बाबा म्हणाला.

"म्हणजे आई, आता मी तुला दिसत नाही." तिने हे बाहेर ऊन पडलंय असं सांगावं तसं सांगितलं. "आणि तू मला दिसत नाहीस."

ती परत गेली. ताडपत्रीजवळ जाऊन तिने एकदा स्वयंपाकघराकडे वळून पाहिलं. भिंतीकडे बघतात तसं.

पट्टीने काय अडणार? आईला सगळं दिसत होतं. भिंगरी काठावर बसली. तिने बाबाकडे पाहिलं, तो पट्टी दाबण्यात गुंतला होता. आत्या छताकडे बघत होती. मग भिंगरीने एक मोजा ओढून काढला. दुसरा काढला. दोन्हींचा बोळा करून तो ताडपत्रीच्या कडेखाली सरकवला आणि ती उभी राहिली.

फरशी गार होती. आत येताना चपला घालूनही आईच्या तळव्यांना गारवा जाणवला होता. 'मोजे' हा शब्द तिच्या जिभेवर आला.

भिंगरीने पायांची बोटं फाकवली आणि एक पाऊल पाण्यात टाकलं. लाट आल्यासारखं मागे घेतलं, परत टाकलं. मग तिने मान वर केली आणि ती सरळ आईच्या दिशेने, आईच्या आरपार बघत राहिली. त्या चेहऱ्यावर काही चोरलेलं नव्हतं, काही विचारायचंही नव्हतं. असा चेहरा आईने फार दिवसांत पाहिला नव्हता. आई बघत असताना तो असा नसायचाच.

तिने तोंड मिटलं. पर्स ओट्यावर ठेवली आणि ती समुद्राकडे पाठ करून उभी राहिली. हात पुढे करून नसलेला गॅस बारीक केला, नसलेला डाव उचलला आणि सावकाश ढवळू लागली.

नणंदेने तिच्या हाताकडे पाहिलं, मग भिंगरीच्या अनवाणी पायांकडे, आणि भुवया उंचावल्या. आईने नुसती मान हलवली, नाही म्हणून.

पाठीमागे भिंगरीचं गुणगुणणं चालू होतं. मध्येच ते थांबलं, तसा तिचा हातही थांबला. खांदे ताठ झाले, पण ती वळली नाही. बऱ्याच वेळाने, निदान तिला तरी तसं वाटलं, गुणगुण पुन्हा सुरू झाली. तिचा हातही सुरू झाला.

"काय गं?" नवऱ्याने विचारलं. "कळवू का मग, नको म्हणून?"

"थांब, दूध वर येतंय."

तो बघत राहिला. स्टुलांच्या त्या ओट्याकडे, तिच्या हाताकडे. मग त्याचं लक्ष ताडपत्रीकडे गेलं.

"अगं, तिने मोजे..."

"मला कसं दिसणार?" ती म्हणाली. "भिंत घातलीस ना तू मध्ये."

त्याने पट्टीचं रीळ खाली ठेवलं. मग उठला, वळसा घालून बाहेरच्या खोलीत गेला, तिथून दाराने बाहेर पडला आणि समुद्राच्या काठाशी उभा राहून त्याने फोन लावला.

"हो, चौघं," त्याचा आवाज आला. "हो, लहान आहे एक. नाही हो, खूप मस्ती नाही करत." मग तो जरा थांबला. "म्हणजे, करेल बहुतेक."

नणंदेने शिट्टी तोंडातून काढून पदराला पुसली.

भिंगरीला आता घराची आठवण झाली होती. ती धावत थेट स्वयंपाकघराकडे निघाली, पट्टीपाशी येऊन धडकल्यासारखी थबकली, चुकचुकली आणि वळसा घालून दाराकडे गेली. तळवे फरशीवर थपथप वाजत होते. दारात ती उभी राहिली, गाल लाल झालेले, स्वेटरची बटणं उघडी.

आईने तिच्या पायांकडे पाहिलं नाही. हातातला डाव ओट्यावर ठेवला.

"पाय झटकून ये," ती म्हणाली. "वाळू येईल घरात."