रुंद झालेली नदी

नव्या वर्षाचा दुसरा दिवस. जपानमधल्या तोयामा शहरात बाहेर बर्फ साचला होता, आणि फुमिए व तिचा धाकटा भाऊ यासुजी कोतात्सूच्या, म्हणजे खाली शेगडी असलेल्या बुटक्या मेजाच्या, उबदार दुलईत पाय खुपसून बसले होते. दर वर्षी या दिवशी दोघं लहानपणी बाबांनी आणलेला तो लाल-पांढरा व्हिडिओ गेम काढत. पडद्यावरचा कोल्हा पळवायचं काम यासुजीचं. नदी आली की गेमचा रिमोट ताईच्या हातात, ओलांडली की पुन्हा त्याच्याकडे. ती नदी त्याला कधी जमली नव्हती आणि ताईला कधी चुकली नव्हती.

यंदा जुना, फुगीर काचेचा टीव्ही बंद पडला होता. त्या जागी मोठा सपाट टीव्ही आला. जुनी वायर त्यात बसेना, म्हणून यासुजीने मधे जोडायला एक डबी आणली. चित्र आलं, भिंतभर, गुळगुळीत. आणि कोल्हा नदीत पडला. पुन्हा पडला. पडतच राहिला.

"ताई, झोपलीस की काय?"

फुमिएला हसू आलं नाही. ती गल्लीच्या हॉलमध्ये मुलांना कोतो हे तारांचं वाद्य शिकवायची. शरद ऋतूत एकदा मुलांसमोरच तिचं बोट तारेवर उशिरा पडलं होतं, आणि तेव्हापासून मनात पाल चुकचुकत होती.

"हात मंदावले माझे," ती म्हणाली. "उद्या हॉलवाल्या मोरिकावांना सांगते, शिकवणी बंद. पोरांना काय उशिराचा हात शिकवू?"

"एका कोल्ह्यापायी? अजून एकदा दाब बघू."

या वेळी तिने डोळे मिटले. नवं मूल वाजवायला बसलं की ती असंच ऐकायची. बटणाची टिक, मग उडीचा टुइं. टिक... टुइं. पुन्हा तसंच. थकलेलं बोट कधी मागे राहतं, कधी घाई करतं. हा उशीर मात्र दर वेळी तेवढाच होता.

"आता तू दाब."

टिक... टुइं.

"तुझाही तेवढाच उशीर!"

"म्हणजे मीही म्हातारा?"

"तू आहेसच. पण हा टीव्ही आपल्याहून म्हातारा आहे."

यासुजीने टीव्हीची सेटिंग्ज चाळून पाहिली. टीव्ही प्रत्येक चित्र नटवून मगच दाखवत होता, त्यात वेळ जात होता. 'गेम' असं लिहिलेलं बटण सुरू केल्यावर ते नटवणं थांबलं.

"आणि हा कोल्हा एवढा लठ्ठ कसा? नदीसुद्धा रुंद झालीय."

"पडदा रुंद आहे, म्हणून चित्र ताणलंय." त्याने जुन्या टीव्हीचं माप लावलं. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या आल्या. "एवढा टीव्ही घेतला, आणि कडा काळ्याच ठेवायच्या?"

"राहू दे काळ्या."

चित्र आता खरखरीत दिसत होतं, चौकोन न् चौकोन मोजता येईल असं. कोल्ह्याचे कान पूर्वीसारखे टोकदार झाले. फुमिए त्यांच्याकडे पाहतच राहिली.

मग तिने बटण दाबलं. कोल्हा पाण्यात.

यासुजीचा चेहरा पडला. फुमिए मात्र खळखळून हसली. टिक आणि टुइं आता एकदमच आले होते. सकाळभर उशीर सोसून तिलाच आधी दाबायची सवय लागली होती.

"ही चूक माझी. घाई केली. टीव्हीला बोल लावू नकोस."

पुढच्या खेपेला कोल्हा पलीकडे पोचला.

"मग मोरिकावांना काय सांगायचं?" यासुजीने विचारलं.

"हॉल झाडून ठेवा म्हणावं." त्याने रिमोटसाठी हात पुढे केला, तर तिने तो पोटाशी धरला. "थांब रे. नदीपलीकडे मला कधी खेळूच दिलं नाहीस तू."