नाव कायम

जांभळी शाई.

टेंभी नाक्यावर, देवीच्या मंडपाशेजारी, वीस फुटी फ्लेक्स: अभिनंदन!

पावसाळ्यात बुडालेलं मिठागर.

रकाना क्रमांक सात.

अंगणवाडीतली गरम खिचडी.

'म' हे अक्षर.

मित्रांनो, मी एक जुना शिक्का आहे. वर सागवानी मूठ, खाली रबराची पट्टी आणि पट्टीवर दोनच शब्द, 'नाव कायम'. वर जे काही विस्कळीत लिहिलं आहे, ते सगळं माझ्याच आयुष्यातलं आहे. मला ते सलग सांगण्याची सवय नाही. शिक्का एका वेळी एकाच जागी पडतो.

कल्याणच्या बाजारपेठेत, धान्याच्या गाळ्यांमागच्या एका बोळात मला बनवलं. कारागीर अक्षरं उलटी जुळवत असे. त्यामुळे माझ्या अंगावरचं सगळं उलटं आहे आणि मला वाचताही उलटंच येतं. कुणाच्या तरी अर्जावर पडल्याशिवाय मी सरळ होत नाही.

खरं तर माझ्या जागी दुसराच शिक्का यायचा होता. कोलशेतला खाडीजवळ नवीन कॉलेज निघालं होतं. जमीन गोविंदाबाबांची. त्यांचं मिठागर होतं आणि स्वतःला सहीपुरतं लिहिता येत होतं. पहिल्या प्राचार्यांनी शिक्क्यांची यादी वाचून दाखवली. आवक, जावक, सत्यप्रत, प्रवेश रद्द. बाबांनी हात वर केला.

"यो शेवटचा नको."

"बाबा, मधेच सोडून जाणाऱ्यांचं काय करायचं मग?"

"पावसात मिठागर बुरतं. म्हनून काय ते मिठागर नाय? पानी उतरला का परत कामाला लागतंव. पोरींचा नाव कापाचा नाय."

अशी माझी ऑर्डर निघाली.

माझी कामाची वर्षं चांगली गेली. कॉलेज सोडताना विद्यार्थी अर्ज द्यायचा, त्यात कारण लिहायचा. लग्न. बाळंतपण. सासऱ्यांना लकवा. कंपनीत रात्रपाळी. क्लार्क धोंडिबा अर्ज वाचायचे, पॅड कोरडं असलं तर माझ्यावर तोंडाची वाफ सोडायचे आणि मला दाबायचे. नाव कायम. जेवढं शिकून झालं तेवढं जमा, पुढचं आल्यावर. तीस वर्षांत मी अकराशेच्या वर अर्जांवर उमटलो. त्यातले आठशे जण परत आले. काही दोन वर्षांनी, एक बाई तर एकोणीस वर्षांनी, सुनेला बरोबर घेऊन. आल्या आल्या ते ऑफिसात मला बघायला यायचे. शिक्क्याला कुणी बघायला येणं ही मोठी गोष्ट आहे, मित्रांनो.

उरले तीनशे बारा.

धोंडिबा उजव्या बाजूला जास्त जोर देत. त्यामुळे माझा 'म' हळूहळू झिजला. दहाएक वर्षांपूर्वी तो उमटेनासाच झाला. तेव्हापासून माझा ठसा 'नाव काय' असा दिसतो. नवीन शिक्का करून घ्यावा असं कुणाला सुचलं नाही. मीही बोललो नाही.

मग क्रमवारी आली.

खाजगी कॉलेजांची क्रमवारी काढणारी एक संस्था दरवर्षी अर्ज पाठवते. त्यात सात रकाने असतात. आमच्या कॉलेजात हे काम ऋजुता मॅडमकडे आलं. त्या डोंबिवलीच्या, संख्याशास्त्र शिकवायच्या. आकड्यांवर त्यांचा जीव होता, पण त्या वर्षी परीक्षेची कामंही त्यांच्याच गळ्यात होती. त्यांनी माहिती भरायला कॉम्प्युटर ऑपरेटर मितेशला दिली आणि न वाचता सही केली.

धोंडिबांच्या वहीत एक ओळ होती. पूर्ण 'नाव कायम' लिहायचा त्यांना कंटाळा. त्यांनी लिहिलं होतं: कायम – ३१२. मितेशच्या समोर रकाना होता: कायम शिक्षक. तिथे त्याला आधी चौदा सापडले होते. त्याने बेरीज केली.

आमच्या कॉलेजात तीनशे सव्वीस कायम शिक्षक झाले. वर्गखोल्या अकरा.

त्या वर्षी आमचा नंबर अडतिसावा आला. त्याआधी आम्ही शंभरात नव्हतो. गोविंदाबाबांचा नातू देवेश आता कॉलेज चालवणाऱ्या संस्थेचा सचिव होता. त्याने नवरात्रात टेंभी नाक्यावर फ्लेक्स लावला. ढोल वाजत होते, लोक देवीच्या रांगेतून वर बघत होते.

दसऱ्यानंतर ऋजुता मॅडमना डोंबिवलीच्या एका कॉलेजातून मैत्रिणीचा फोन आला. फोन स्पीकरवर होता.

"अगं, तीनशे सव्वीस कायम प्राध्यापक? बसतात कुठे सगळे? आलटून पालटून?"

मॅडमनी वही मागवली. 'कायम – ३१२' या ओळीवर बोट ठेवलं, मग माझ्याकडे बघितलं.

त्या दिवसांत त्यांनी इतर कॉलेजांचे अर्जही काढून वाचले. त्या धोंडिबांना समजावून सांगत, म्हणून मलाही कळलं. मैत्रिणीचं कॉलेज पहिल्या पाचात होतं. ते नोकरदारांनी काढलेलं. मुलांनी तीन वर्षांत पदवी घ्यावी, पुढे संशोधनाला जावं, यासाठीच ते उभं होतं, आणि मुलं जातही होती. कल्याणला धान्याच्या व्यापाऱ्यांनी काढलेलं कॉलेज साठाव्या नंबरच्या खाली होतं. नोकरी मिळालेल्यांच्या रकान्यात त्यांचा आकडा अगदी लहान. कारण त्यांची अर्धी मुलं सकाळी वर्गात आणि दुपारी स्वतःच्या गाळ्यावर बसतात.

"म्हणजे ते खोटं बोलले का?" धोंडिबांनी विचारलं.

"नाही हो. कुणीच खोटं बोललेलं नाही. आपण सोडून. प्रश्न सगळ्यांना तेच सात विचारलेत, एवढंच."

खुलासा पाठवायचं ठरलं. मुदत सोमवारी संध्याकाळी पाचची. सोमवारी दुपारी देवेश ऑफिसात आला. खिशातून त्याने एक नवा शिक्का काढून माझ्या शेजारी ठेवला. प्लॅस्टिकचा, शाई आतच. दाबला की खटक. त्यावर लिहिलं होतं, 'प्रवेश रद्द'.

"मॅडम, चूक मितेशची, सही तुमची, फ्लेक्स माझा. आपण तिघंही गेलो," तो म्हणाला. "कायम शिक्षक चौदा लिहा, मी नाही म्हणत नाही. पण मग हे तीनशे बारा कुठे जाणार? सातव्या रकान्यात. मुदतीत पदवी पूर्ण न केलेले. दोन्हीकडून मार."

"हो. तेच खरं आहे."

"आणि नावंच नसली तर? सातवा रकाना एकदम साफ. आजच्या आज रद्द करू. ह्यात खोटं काय?"

"खोटं काहीच नाही," मॅडम हळू म्हणाल्या. त्यांचा आवाज मला आवडला नाही. त्यांना ती वाट दिसली होती.

"आजूबाजूच्या टॉवरमधले पालक आधी मोबाईलवर नंबर बघतात, मग गेट बघतात. ॲडमिशन नाही आल्या तर बाबांचं कॉलेज बंद पडेल. मग ठेवा नावं कायम. धोंडिबाकाका, घ्या."

धोंडिबांनी त्या तीनशे बारा अर्जांच्या गठ्ठ्याची सुतळी सोडली. सगळ्यात जुना अर्ज सगळ्यात वर. नवा शिक्का हातात घेतला आणि परत ठेवला.

"हात दुखतोय, साहेब."

"कुठला?"

"दोन्ही."

तेवढ्यात दारात तुळसा आली. कोलशेत गावातली अंगणवाडी सेविका. थेट कामावरून आली होती. पदराला खिचडीचा वास.

"मॅडम, मी तिसऱ्या वर्षाला बसाचा म्हनतंय. दोन वर्षं माझी जाल्यान. मुख्यसेविकेची परीक्षा हाय, तिला डिग्री लागतं. वयाची अट हाय. यंदा बसली नाय तं मना जमाचा नाय."

"आणि पहिल्या वर्षापासून बसावं लागलं तर?" मॅडमनी विचारलं.

"मंग म्हातारी व्हईन. पन पहिल्यापासून कनाला? माझा नाव हाय ना?"

देवेशने गठ्ठ्यातून तिचा अर्ज शोधला. ठशाकडे डोळे बारीक करून पाहिलं.

"हे काय लिहिलंय? नाव काय?"

"तुळसा," ती म्हणाली.

धोंडिबा हसले. मॅडमही हसल्या, मग थांबल्या. देवेश हसला नाही. तुळसाचा अर्ज परत ठेवायला त्याने गठ्ठा पुढे ओढला, तेव्हा सगळ्यात वरचा पिवळा पडलेला अर्ज त्याच्या हाताखाली आला. त्याने तो वाचला. पुन्हा वाचला.

मग त्याने गठ्ठ्याला सुतळी बांधली. गाठ नीट बसली नाही, पुन्हा बांधली.

"मॅडम, तुम्ही खुलासा लिहा. फ्लेक्स मी उतरवतो."

खुलाशाच्या अर्जात शेवटी 'संस्थेविषयी थोडक्यात' अशी चौकट होती. ऋजुता मॅडमनी पावणेपाचला तिथे एक वाक्य लिहिलं: 'आमच्याकडे चौदा कायम शिक्षक आणि तीनशे बारा कायम विद्यार्थी आहेत.' खाली सही केली. या वेळी वाचून.

आम्ही शंभरातून बाहेर गेलो. पुढच्या जूनमध्ये प्रवेश कमी आले, कॉमर्सची दुसरी तुकडी बंद झाली आणि सलिल सर नावाच्या एका हंगामी शिक्षकांना जावं लागलं. ते वाईट शिकवत नव्हते. तुळसा तिसऱ्या वर्षाला बसली. तिचे दोन विषय राहिले, ते ती ऑक्टोबरमध्ये देणार आहे. फ्लेक्सचा कपडा स्कूटर स्टँडवर छत म्हणून घातलाय, अक्षरं आभाळाकडे करून. ऊन पडलं की खालून 'अडतिसावा' उलटा दिसतो. मला तो बरोबर वाचता येतो.

आता सगळे अर्ज कॉम्प्युटरवर झाले. त्या प्रणालीत सुरुवातीला दोनच पर्याय होते, चालू आणि रद्द. मॅडम दोन महिने मागे लागल्या, तेव्हा तिसरा आला. त्यात 'म' पूर्ण आहे. त्यामुळे माझं काम संपलं. मी धोंडिबांच्या जुन्या खणात पडून आहे, ते निवृत्त झाले. नवा प्लॅस्टिकचा शिक्काही माझ्या शेजारी आहे. तो एकदाही वापरला गेला नाही. त्याची शाई सुकत चाललीय.

मित्रांनो, तुमच्या शाळेत, कॉलेजात माझ्यासारखे जुने शिक्के असतील. त्यांचं रबर कडक होऊ देऊ नका, अधूनमधून तरी कागदावर टेकवून बघा. आणि एखादी यादी हातात आली, कुणी पहिलं, कुणी शेवटचं, तर आधी विचारा की प्रश्न काय होते. ते कुणाला विचारण्यासारखे होते, कुणाला नव्हते. नंबर नंतर वाचा. यादीत नाहीत त्यांची नावं कुठे ठेवली आहेत, तेही एकदा बघून घ्या.

माझा पहिला ठसा १९९३ साली उमटला. गठ्ठ्यात सगळ्यात वर असलेला तो अर्ज गोविंदाबाबांच्या सुनेचा, म्हणजे देवेशच्या आईचा होता. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, बाळंतपण.