आत अभ्यास चालू आहे

“सांगा, पुलाचा पाया घालायला जागा निवडताना काय काय बघाल?”

बाबांनी कार्डावरचा प्रश्न हळू आवाजात वाचला, कार्ड मांडीवर पालथं घातलं आणि चष्म्यावरून समोर पाहिलं. मुलाखत घेणारे असेच बघत असणार, अशी त्यांची खात्री होती. जन्मभर बसमध्ये कंडक्टरकी केलेला माणूस. फुकट्या प्रवाशाकडे बघायची नजर आज त्यांनी खुर्चीत बसून लावली होती.

समोरच्या स्टुलावर साहेब होता, म्हणजे त्यांचा मुलगा. तो इंजिनिअर झाला त्या दिवशी गल्लीनं त्याला हे नाव दिलं, तेव्हा ते कौतुकानं दिलं होतं. पुढे सरकारी भरतीच्या परीक्षा देता देता त्याचे कानशिलावरचे केस पांढरे व्हायला लागले. नाव तेच राहिलं, कौतुक तेवढं गेलं. यंदा मात्र लेखी परीक्षेचं घोडं एकदाचं गंगेत न्हालं होतं. उरली होती मुलाखत, तीही पुढच्याच आठवड्यात. वयाच्या अटीत बसणारं हे शेवटचं वर्ष. यंदा नाही तर कधीच नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून त्यावर कुणी बोलत नव्हतं.

क्लासचे सर त्याला म्हणाले होते, “अरे, तुला येतं सगळं, पण तोंडातून शब्द फुटेल तर शपथ! घरी कुणाला तरी समोर बसव आणि मोठ्यानं बोलायला शीक.”

मोठ्यानं बोलायचं, आणि ते या घरात! दोन खोल्यांचं घर, त्यातली आतली खोली अभ्यासाची. दारात कुणी आलं की आई ओठांवर बोट ठेवून सांगायची, “आत अभ्यास चालू आहे.” आलेला माणूस देवळातून बाहेर पडावं तसा पाय न वाजवता परत जायचा. कुकरची शिट्टी होणार असं वाटलं की ती धावत जाऊन गॅस बंद करायची. जेवायला चल, पाणी तापलंय, पाहुणे आलेत, दार ओढून घे, सगळ्याला खुणा ठरल्या होत्या. ताई माहेरी आली तर रडणारं लेकरू घेऊन दिवसभर शेजारच्या नर्सबाईंकडे बसायची. पुढे पुढे ती यायचीच बंद झाली. त्याबद्दल तिनं कधी तक्रार केली नाही, आणि तिला कुणी विचारलंही नाही.

सगळ्यांत हाल झाले ते बाबांचे. बसच्या मागच्या दारातून त्यांनी हाक मारली की चौकापलीकडचा माणूस धावत सुटायचा, असा आवाज. निवृत्त होऊन घरी बसले आणि पहिल्याच दिवसापासून बायकोचं सुरू झालं, “अहो, हळू. अहो, हळू.” शिंक आली तर ते रस्त्यावर जाऊन शिंकून येत. मॅच आवाज बंद करून बघत. षटकार बसला की दोन्ही हात वर करून स्वतःशीच नाचत. गल्लीत ही थट्टा पुष्कळ दिवस पुरली. परीक्षा पुढे ढकलली जायची आणि तिच्याबरोबर घरातलं सगळंच पुढे ढकललं जायचं. रंग, गावाला जाणं, आईचा मोतीबिंदू, सगळं परीक्षा झाल्यावर.

साहेबानं घसा खाकरला आणि उत्तर सुरू केलं. माती कशी आहे ते बघायचं, पूर कुठवर चढतो ते बघायचं... इथवर ठीक होतं. मग तो गडबडला आणि खडकाच्या जागी गाळ म्हणून बसला. कार्डाच्या मागं उत्तर लिहिलेलं होतं. चूक झाली की टोकायचं, एवढंच बाबांचं काम.

“छान,” बाबा मान डोलवत म्हणाले.

“छान काय? चुकलो ना मी!”

“छान, छान.”

साहेब त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्याच सुरात, तसाच गंभीर चेहरा ठेवून म्हणाला, “आणि खांब सगळ्यांत शेवटी उभे करायचे. आधी पूल हवेत टांगून ठेवायचा. सिमेंट उरलंच तर मग खांब.”

“अगदी बरोबर,” बाबा म्हणाले. “आता पुढचा प्रश्न.”

स्वयंपाकघराच्या दारात आईला हसू आवरेना. “अहो, काय बरोबर? आधी कळस मग पाया!”

साहेब हसला नाही. त्यानं एक कार्ड उचललं, नाक पुसल्यासारखं करून तोंडासमोर धरलं आणि त्याच्या आडून म्हणाला, “बाबा, गॅस चालू राहिलाय.”

बाबा वाट बघत होते. चेहऱ्यावर मुलाला सांभाळून घेणारं हसू. थोड्या वेळानं म्हणाले, “मनात जुळवतोयस ना? जुळव. घाई नाही.”

साहेबानं कार्ड खाली घेतलं. आईचं हसू मागल्या मागं विरलं. ती बाबांच्या पाठीशी येऊन उभी राहिली. “अहो,” ती म्हणाली. मग जरा मोठ्यानं, “अहो!” बाबांनी वळूनही पाहिलं नाही. तिनं खांद्याला हात लावला तेव्हा दचकले. साहेबानं स्वतःच्या कानाला बोट लावलं आणि भुवया उंचावल्या. एवढी खूण त्यांना पुरली.

“थोडं कमी येतं,” ते ओशाळून म्हणाले. “आधी कानातून पाणी यायचं. मग घरघर ऐकू यायची, चढावर गाडी पहिल्या गिअरमध्ये घातल्यासारखी. आता तीही नाही.”

“मला म्हणाले, वारं लागतं म्हणून कापूस घालतो,” आई म्हणाली. “आणि मी मेली रोज कापूस काढून देत होते!”

“कधीपासून?” साहेबानं हातानंच विचारलं.

या घरात काळ परीक्षांनी मोजला जाई. “ती दोनदा पुढे गेली नाही का परीक्षा? तेव्हापासून,” बाबा म्हणाले. “तू कशाला मनाला लावून घेतोस? एवढी मुलाखत होऊ दे, मग बघू.”

साहेबानं तसं होऊ दिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच तो त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. मुलाखतीच्या तोंडावर एक सबंध दिवस गेला, पण आता दिवस राखून ठेवायचा तो कशासाठी, असं त्याला झालं होतं.

डॉक्टरीणबाई वयानं त्याच्याहून लहान होत्या. पुष्कळ वेळ तपासून त्या म्हणाल्या, “दुखणं फार अंगावर काढलंय. उजवा कान गेलाच. डाव्याला यंत्र लावून बघू, पण आवाज होतोय एवढंच कळेल. शब्द कळतील असं मी सांगणार नाही. वेळेवर आणलं असतं तर दोन्ही वाचले असते. इतके दिवस घरात कुणाच्या लक्षात आलं नाही? अशी माणसं ओरडून बोलतात, टीव्हीचा आवाज वाढवतात.”

“आमच्याकडे टीव्हीचा आवाज बंदच असतो,” साहेब म्हणाला.

परत येताना बाबांनी त्याचा दंड धरला होता. बराच वेळ चालल्यावर ते म्हणाले, “खरं सांगू? तुझा काही दोष नाही. आपण सगळे गप्पच असायचो. मला वेगळं असं काही वाटलंच नाही रे.”

ते ऐकून साहेबाला भर रस्त्यात रडू फुटलं. आपण पुस्तकात डोकं घालून बसलो होतो आणि भिंतीपलीकडे आपला बाप बहिरा होत होता, हे त्याला धडधडीत दिसलं. माझ्यासाठी गप्प बसा, असं त्यानं कधी म्हटलं नव्हतं. पण बोला, असंही कधी म्हटलं नव्हतं.

त्या दिवसापासून त्यानं घरात मोठ्यानं बोलायला सुरुवात केली. प्रश्न आई विचारायची आणि तो खोली दणाणेल असं उत्तर द्यायचा. भांडण लागलं की काय म्हणून नर्सबाई एकदा डोकावूनही गेल्या. बाबा खुर्चीत बसून त्याच्या ओठांकडे टक लावून बघत आणि उत्तर संपलं असं वाटलं की मान डोलवत.

मुलाखत झाली. मंडळातले एक जण म्हणाले, “आवाज खणखणीत आहे हो तुमचा. साइटवर उपयोगी पडेल.” साहेबानं आभार मानले.

निकाल लागला तेव्हा तो क्लासवर होता. तिथून जवळजवळ पळतच घरी आला. बाबा कानाचं यंत्र काढून ठेवून दाराशी खुर्ची टाकून पेपर वाचत होते. त्यांच्यासमोर उभा राहिला आणि त्याच्या लक्षात आलं, ही बातमी सांगायला आपल्याकडे खूणच नाही. चहाची होती, आंघोळीची होती, पाहुण्यांची होती. ही कधी लागलीच नव्हती. त्यानं नुसतेच हात वर केले, तोंड उघडलं, आणि शब्दाऐवजी हुंदका आला.

बाबांनी त्याचा चेहरा पाहिला आणि पेपर घडी करून बाजूला ठेवला. ते उठले. निकालाच्या दिवशीची त्यांची एक खूण होती आणि तिची त्यांना पुष्कळ सवय झाली होती. तळहात हवेत दोनदा खाली दाबायचा, म्हणजे असू दे. मग बोट गोल फिरवायचं, म्हणजे पुन्हा. त्यांनी तळहात दोनदा दाबला. बोट फिरवायला वर नेलं आणि ते तसंच राहिलं. आता पुन्हा नव्हतं, हे त्यांना आठवलं.

“काय झालं रे?” आई आतून धावत आली.

“झालं, आई. निवड झाली माझी.”

“अगं बाई! अहो, झाला! साहेब झाला आपला!” आई ओरडली. किती वर्षांनी ती अशी ओरडली असेल, तिलाच ठाऊक. गल्लीतली दारं उघडली, नर्सबाई हातातलं काम टाकून बाहेर आल्या, समोरच्या गॅलरीतून कुणीतरी टाळ्या वाजवल्या. आई पुन्हा पुन्हा तेच ओरडत होती.

बाबांची तिच्याकडे पाठ होती. त्यांनी मुलाला जवळ ओढलं होतं आणि ते त्याच्या पाठीवरून हात फिरवत होते.

“असू दे,” ते म्हणत होते, कुणाला त्रास होऊ नये इतक्या हळू. “असू दे रे, बाळा.”