कोनाड्यातला हात

अश्लेषाने लाकडी हातोडीने भिंतीवर हलकेच टकटक केली, कान लावला आणि मान हलवली.

"पोकळ वाजतंय, काका. इथपासून त्या दारापर्यंत सगळा गिलावा चौऱ्याऐंशीच्या दुरुस्तीतला. उद्यापासून हा काढायचा."

"सगळा?" दिनकरने विचारलं.

"सगळा. मूळ भिंत असेल तेवढीच ठेवायची, मग कितीही फुटकी असू दे. अडलंय ते फक्त या कोनाड्यापाशी."

ती उकिडवी बसली आणि टॉर्चचा झोत आत टाकला. गुडघ्याच्या उंचीवर, कोनाड्याच्या मागच्या भिंतीत, चुन्याच्या चकचकीत गिलाव्यावर एक छोटा पंजा उमटला होता. पाचही बोटं फाकलेली. करंगळी जरा वाकडी.

"तुमच्या सगुणाबाईंचा हात," ती हसून म्हणाली. "माझी आजी खास हा बघायला आली होती जयपूरला. तुमच्याच ग्रुपमध्ये असेल. पण काका, मला कागद लागतो. ही हकिगत तुम्हाला कुणी सांगितली, कधी सांगितली, एवढं लिहून सही करून द्या. मौखिक परंपरा म्हणून तेवढा भाग राखता येईल. उद्या दहापर्यंत द्याल?"

"देतो की," दिनकर म्हणाला.

ही हकिगत त्याला कुणीच सांगितली नव्हती.

दिनकरचे वडील रेल्वेत गार्ड होते. भुसावळहून बदली होऊन जयपूरला आले आणि इथलेच झाले. दिनकरचं सगळं शिक्षण हिंदीत. मराठी घरात बोलायची तेवढीच, पण त्या मराठीवरच तो पुढे गाइड म्हणून जगला. महाराष्ट्रातून यात्रा कंपन्यांच्या बसगाड्या येत, त्यांना मराठी बोलणारा माणूस हवा असे. नव्वद सालच्या डिसेंबरात नाशिकचा एक ग्रुप घेऊन तो याच केसर हवेलीत आला होता. किल्ले, महाल, वेधशाळा बघून माणसं आंबून गेली होती. एक आजीबाई पायरीवर बसकण मारून म्हणाल्या, "अहो, सगळे यांचेच राजे आणि यांच्याच राण्या. आपलं मराठी काहीच नाही का हो इथं?"

त्याच सकाळी दिनकरला कोनाड्यातला तो पंजा पहिल्यांदा दिसला होता. तोंडाला येईल ते तो बोलून गेला. ग्वाल्हेरकडच्या एका मराठा सरदाराची नऊ वर्षांची मुलगी, सगुणा. तहात इथं दिलेली. या घरात तिची भाषा कुणाला कळेना. माहेरी जायला मिळेना. एका दुपारी ओल्या भिंतीवर तिनं हात टेकला, आपण इथं होतो एवढं तरी कुणाला कळावं म्हणून.

आजीबाई उठल्या, कोनाड्यापुढे बसल्या आणि त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

पुढच्या ग्रुपने बसमधून उतरतानाच विचारलं, "तो सगुणेचा हात कुठाय?" मग दिनकरच्या हातात काही राहिलं नाही.

खरं काय ते वर्षभराने कळलं. धापू हवेलीत झाडलोट करायची. एका सकाळी माणसं कोनाड्याला हात जोडून गेली आणि ती झाडू टेकून त्याच्याजवळ आली. "बाबूजी, ये लोग म्हारी छोरी ने धोक क्यूं देवै छै?"

त्याला आधी उमगेना, माझ्या पोरीच्या पाया का पडतात असं ती विचारतेय. मग तिनं सगळं सांगितलं. चौऱ्याऐंशीला दुरुस्ती निघाली तेव्हा ती इथं मजूर होती. आराइशचं काम, म्हणजे चुन्याचे पातळ थर देऊन अकीकाच्या दगडाने दिवसदिवसभर घोटायचं. सात वर्षांची नौरती शेजारी खेळत बसे. कोनाडा ओला असताना पोरीने आत हात दाबला. धापूने तिच्या पाठीत धपाटा घातला आणि पुसायला फडकं घेतलं, तेवढ्यात मुकादमाने दुसरीकडे हाक मारली. परत येईपर्यंत चुना धरला होता. कोनाडा अंधारात, कुणाच्या लक्षात आलं नाही. त्याच थंडीत नौरती तापाने गेली. फोटो वगैरे काही नव्हता. म्हणून काम संपल्यावर धापू मिनतवाऱ्या करून झाडूवाली म्हणून इथंच राहिली. रोज सकाळी दार उघडलं की ती आधी कोनाड्यात हात घाली, त्या हातावर आपला हात ठेवी, आणि मग झाडायला लागे.

दिनकर शरमेने अर्धा झाला होता. "आजपासून नाही सांगणार मी ती गोष्ट," तो म्हणाला. पण धापू हसली होती. सांगा की, म्हणाली. मोठ्या घरच्या बायका माझ्या पोरीपुढे वाकतात, वाईट काय त्यात?

त्याला पंधरा वर्षं झाली. आता ट्रस्टने हवेली नीट करायला घेतली होती, आणि पुण्याची ही हुशार, सरळ मुलगी खरं तेवढं ठेवायला आली होती.

चार वाजता अंगणात चहा पिताना त्याने हळूच विषय काढला. "मॅडम, मतलब समजा, तो हात सगुणेचा नसला तर? समजा, इथल्याच कुणा मजुराच्या पोरीचा असला तर?"

"चौऱ्याऐंशीतला?"

"समजा."

"मग तो वारसा नाही, काका. मग ती दुरुस्तीतली खराबी. बाकीच्या गिलाव्याबरोबर निघणार."

"एवढासा तर आहे. राहिला तर कुणाचं काय जातंय?"

"वाईट मलाही वाटेल. पण आज हा ठेवला, उद्या कुणी म्हणेल त्या भिंतीवरचं माझं नाव ठेवा. मग खरं काय नि खोटं काय, कसं ठरवायचं?" तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं. "का हो? काही माहिती आहे का तुम्हाला?"

"नाही नाही. असंच विचारलं."

झोटवाड्याला घरी पोचला तरी त्याचं डोकं तिथंच होतं. बायकोने, विनयाने, ताट वाढलं, त्यानं दोन घास खाल्ले आणि तिला सगळं सांगितलं. ही गोष्ट बनावट आहे हे पंधरा वर्षांत तिलाही माहीत नव्हतं.

"आपली सावनी कॉलेजात निबंध लिहून आली त्या सगुणेवर," ती म्हणाली. "बक्षीस मिळालं तिला."

"माहितेय मला."

"मग आता काय करणार?"

"खरं सांगितलं तर हात जातो. खोटं लिहून दिलं तर हात राहतो, पण कायमचा दुसरीचा होतो. तू सांग."

"मी काय सांगू? ज्या बाईची पोर आहे तिला विचारा."

सकाळी तो आठलाच हवेलीवर गेला. धापू कोनाड्याशी बसलेली होती, उजवा हात खांद्यापर्यंत आत. तो शेजारी जमिनीवर बसला आणि जमेल तसं त्यानं समजावलं. खरं सांगितलं तर आजच छिन्नी लागेल. नाही सांगितलं तर काच बसेल, कठडा लागेल. मग कुणालाच हात लावता येणार नाही.

"म्हनै भी कोनी?"

"तुलाही नाही, धापूबाई."

तिनं हात बाहेर काढला. बोटांना लागलेली धूळ ओढणीला पुसली.

"आणि नाव?" तिनं विचारलं.

"नाव सगुणेचं लागेल. दगडावर कोरणार आहेत."

वर सज्जात पारवे घुमत होते. मजुरांच्या घमेल्यांचा आवाज अंगणात यायला लागला, तशी ती झाडू घेऊन उठली.

"रैबा द्यो, बाबूजी," ती म्हणाली. राहू द्या. "नाव तो म्हनै याद छै."

दहा वाजता दिनकरने कागद लिहिला. हिंदी शाळेतलं त्याचं अक्षर, मराठीत चुका करत. ही हकिगत मला हवेलीच्या जुन्या, आता हयात नसलेल्या चौकीदाराने सांगितली, त्याला त्याच्या आजोबांनी. खाली सही केली. अश्लेषाने कागद वाचला, दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केलं आणि फाइलला लावला.

"थँक यू, काका. तुमच्यामुळे वाचला हा हात."

त्यानंतर त्याने ती गोष्ट सोडायचा प्रयत्न करून पाहिला. यात्रा कंपन्यांना सांगितलं, केसर हवेली दुसऱ्या कुणाला द्या, मी आमेरला जातो. कुणी ऐकलं नाही. दगडी पाटीवर हकिगतीखाली त्याचंच नाव होतं, आणि लोकांना ती त्याच्याच तोंडून हवी होती.

मार्चमध्ये साताऱ्याचा एक ग्रुप आला. पितळी कठडा, जाड काच, आत एक छोटा दिवा. प्रकाशात तो पंजा पूर्वी कधी दिसला नव्हता इतका स्पष्ट दिसत होता. दिनकरने सुरुवात केली. ग्वाल्हेर, सरदार, तह. मागे खांबाशी धापू बादली घेऊन उभी होती. काच पुसायचं काम आता तिच्याकडे होतं. ग्रुप हलेपर्यंत ती थांबून राही.

"आणि त्या दुपारी त्या मुलीने," दिनकर म्हणाला आणि अडकला. हजारदा उच्चारलेलं नाव ओठांवर येईना. वेगळंच नाव येत होतं. माणसं वाट बघत होती. कुणीतरी कॅमेरा खाली केला.

पुढे उभी असलेली एक बाई वळून धापूला म्हणाली, "आप तो यहाँ की हो ना? किसका हाथ है ये?"

धापूने दिनकरकडे पाहिलंसुद्धा नाही.

"सगुणा बाई को हाथ छै," ती म्हणाली.

"हां, सगुणा!" बाई खूश झाली. सगळ्यांनी पुढे सरून काचेवर बोटं टेकवत फोटो काढले, दोघीतिघींनी हात जोडले, आणि ग्रुप जिन्याकडे गेला. दिनकरला त्यांच्या मागोमाग जायचं होतं. तो पहिल्या पायरीवर थांबला.

धापू कठड्यावरून वाकली आणि ओल्या फडक्याने काच पुसू लागली. लोकांच्या बोटांचे ठसे आधी गेले. मग तिनं कोरडं फडकं घेतलं आणि त्या पाच बोटांवरून, काचेच्या अलीकडून, सावकाश फिरवलं.

वरून कुणीतरी हाक मारली, "गाइडकाका, येताय ना?"

"आलो," दिनकर म्हणाला आणि जिना चढू लागला.