आधी वजनं, मग माणसं

मी लिफ्ट दुरुस्त करतो. दुरुस्ती झाली की आधी लोखंडी वजनं आत भरून लिफ्ट वरखाली फिरवायची, मग पहिली फेरी आपण स्वतः मारायची आणि त्यानंतरच लोकांना आत घ्यायचं, ही आमची रीत. तोवर दारावर 'बंद' अशी पाटी असते. जिने चढून दमलेली माणसं येताजाता विचारतात, "अहो, अजून किती वेळ?" मी म्हणतो, "होईल." त्यामुळे विमा कंपनीने मला ताटकळत ठेवलं तेव्हा मी चिडलो नाही. चिडल्या त्या ताई.

ताई म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. बायको थंडीत गेली. उन्हाळ्याच्या सुट्टीत ताई राहायला आल्या आणि आमच्या मुलीला, ठकीला, कायमचं आपल्या घरी नेते म्हणाल्या.

"पोरीला एकच पालक उरलाय भावोजी, आणि तो दिवसभर तारेला लोंबकळतो."

"लोंबकळत नाही. उभा असतो."

"तेच ते! उद्या तुम्हाला काही झालं तर हिचं काय?"

मी म्हणालो, माझा विमा उतरवतो. ताईंनी ते मान्य केलं, पण अट घालून. "शाळा सुरू व्हायच्या आत कंपनी हो म्हणाली, तर ठकी इथे राहील. ती माणसं दया येऊन पैसे लावत नाहीत. त्यांनी तुमच्यावर लावले, तर मीही लावीन."

एजंट म्हणाला, साधारण महिना लागतो. तुमचं काम उंचावरचं, म्हणून थोडे दिवस जास्त धरा. शाळेला अजून वेळ होता. मला काळजी वाटली नाही. तपासणीसाठी रक्त दिलं, सरकत्या पट्ट्यावर धावलो.

"डॉक्टर म्हणाले, हृदय घोड्यासारखं आहे," मी घरी येऊन सांगितलं.

"मग घोड्याचाच विमा काढायचा होता," ताई म्हणाल्या. "एव्हाना मिळाला असता."

पुढे कंपनीतून एका बाईंचा फोन आला. माझं नाव, काम, आजार, सगळं विचारून झालं. शेवटी म्हणाल्या, पैसे कुणाला मिळावेत? मी म्हणालो, बायकोला. तिचं नाव, जन्मतारीख, फोन नंबर घडाघडा सांगितला आणि जेवायला बसलो. लग्न झाल्यापासून प्रत्येक कचेरीत हेच उत्तर देत आलो होतो. माझ्या काही लक्षातच आलं नाही.

मग एका सकाळी स्वयंपाकघरात बायकोचा फोन वाजला. तो मी अजून चार्ज करून ठेवतो. ठकीने तो उचलला.

"आई नाहीये," ती म्हणाली. "आई वारली. बाबा आहेत, देऊ?"

ताईंनी गॅस बंद केला आणि त्या गॅलरीत गेल्या. मला वाटलं होतं, चिडतील.

फोनवर कंपनीतल्या त्याच बाई होत्या, मी सांगितलेलं नाव पडताळायला. चांगल्या होत्या, गडबडल्या नाहीत. म्हणाल्या, मुलीचं नाव घालू. पण ती लहान आहे, तिच्या वतीने पैसे सांभाळणारं मोठं माणूस लागेल आणि त्या माणसाची सही लागेल. सही पोचली की आठवड्याभरात निर्णय. शाळा सोमवारी सुरू होत होती.

शनिवारी मी एका दवाखान्यांच्या इमारतीत कामावर होतो. ताई ठकीला आणि तिच्या बॅगेला घेऊन तिथेच आल्या. गाडी दुपारची होती.

"आलं का उत्तर?"

"नाही. एक सही राहिलीय."

"कुणाची?"

"तुमची."

सकाळीच एजंटने दिलेला कागद माझ्या खिशातच होता. त्यांनी तो जिन्याजवळ उभ्या उभ्या वाचला.

"म्हणजे मी सही केली नाही, तर मंजुरी नाही. आणि मंजुरी नाही, तर ठकी माझ्याकडे."

"हो."

"आणि हे तुम्ही आपण होऊन सांगताय! डोकं ठिकाणावर आहे का? आधी माझ्या गेलेल्या बहिणीला पैसे देत होतात, आता मला?"

"ठकीचं काही सांभाळायचं असेल, तर मला तुम्ही दोघीच सुचता."

ताईंनी कागदाची घडी करून मुठीत धरली. मी लिफ्टमधली वजनं बाहेर काढली, एकटा वर गेलो, खाली आलो. दार उघडताच ठकी नेहमीसारखी आत पळाली. ताई लिफ्टमध्ये कधी बसत नाहीत. आमच्या घरीही चार मजले धापा टाकत चढतात. त्यांनी आत डोकावून पाहिलं, बॅग बाहेरच ठेवली आणि पाऊल आत टाकलं.

"काही झालं तर?"

"काही होत नाही. मी आत्ताच जाऊन आलोय."

सगळ्यात वरच्या मजल्यावर त्यांनी कागद भिंतीला टेकवून सही केली. सही वाकडी आली, ती लिफ्टमुळे, असं त्या म्हणाल्या. "खाली मात्र मी जिन्यानेच जाणार. आणि ती बॅग घरी न्या. तिच्यात ठकीचं दप्तर आहे."

दुपारच्या गाडीने त्या एकट्याच गेल्या.

मंजुरी अजून आलेली नाही. ताई रोज संध्याकाळी ठकीला तिच्या आईच्या फोनवर फोन करतात आणि शेवटी फोन मला द्यायला सांगतात.

"भावोजी, अजून किती वेळ?"

"होईल," मी म्हणतो.