शेजारच्या कप्प्यातला माणूस

पाणबुडी धक्क्याला लागली तेव्हा बँड वाजत होता. परतलेल्यांसाठी रिवाजाप्रमाणे डुकराचं अख्खं पिल्लू भाजून ताटात मांडलं होतं. बायका कुंपणापाशी उभ्या होत्या. त्यांत लिदा नव्हती. निघताना भांडण झालं होतं. अजून रुसलेलीच असेल, असं रोदिओनला वाटलं.

कप्तानाने त्याला बाजूला घेतलं आणि टोपी काढली.

"रोदिओन साव्विच, तुमच्या पत्नी गेल्या. मेंदूत रक्तस्राव झाला. आपण समुद्रात होतो तेव्हाच. दफनही झालं."

"तुम्हाला कधी कळलं?"

"निरोप लगेच आला होता. पण गस्तीवर असताना घरची वाईट बातमी सांगत नाहीत, हे तुम्हालाही ठाऊक आहे."

ठाऊक होतं. सेवेरोद्विन्स्कच्या कारखान्यातून ही पाणबुडी बाहेर पडली तेव्हापासून तो तिच्यावर होता. पोटात चोवीस क्षेपणास्त्रं, अंगाने जाडजूड, म्हणून खलाशी तिला 'पाव' म्हणत. अमेरिकी विमानवाहू जहाजांच्या मागावर ती महिनोन्‌महिने पाण्याखाली असे. पहिल्याच गस्तीवर स्वयंपाक्याची आई वारली, तेव्हाही सगळ्यांनी तोंड मिटून ठेवलं होतं. त्या नियमावर त्याचा राग नव्हता.

"आणखी कोणाला माहीत होतं?"

कप्तान घुटमळला. "येफिमला. तुमच्यावर लक्ष ठेवायला कोणीतरी हवं होतं."

रोदिओन पाणबुडीच्या अणुभट्टीवर असे, येफिम लागूनच्याच कप्प्यात टर्बाइनवर. दोघे रोज डॉमिनो खेळत. शिध्यातलं चॉकलेट रोदिओन लिदासाठी साठवायचा, तर येफिम आपलंही त्याच्या खिशात कोंबायचा. "घे रे. वहिनीला सांग, येफिमने पाठवलंय. नाहीतर लाटणं घेऊन मागे लागेल तुझ्या." मग दोघे पोट धरून हसायचे.

मेलेल्या बाईच्या नावाने.

येफिम धक्क्यावरच उभा होता.

"रोद्या, हुकूम होता रे."

"गप्प राहायचा होता. थट्टा करायचा होता का?"

"तुला संशय येऊ नये म्हणून... भट्टीपाशी बसणारा माणूस तू. हात थरथरला असता तर? शंभर जण होतो आत."

"मला वाईट स्वप्न पडलं होतं. घरी सगळं ठीक असेल ना, असं मी तुला विचारलं. काय म्हणालास तेव्हा?"

येफिमने मान खाली घातली. "ठीकच असणार, म्हणालो."

पुढच्या गस्तीची तयारी सुरू झाली तेव्हा रोदिओनने किनाऱ्यावर बदली मागितली. कप्तान वैतागला.

"आता ऐन वेळी माणूस कुठून आणू? त्या बिचाऱ्याला माफ करून टाका ना."

"केलं की," रोदिओन म्हणाला. "पण पहाऱ्यावर त्याच्या कप्प्यातून फोन येतो, सगळं ठीक, पाणी शिरलेलं नाही, आग नाही. तेवढं ऐकून मी आजवर निवांत बसायचो. आता मला स्वतः जाऊन बघावंसं वाटेल. आणि पहाऱ्यावर मधलं दार तर बंद असतं."

कप्तानाने अर्ज पुढे ओढला आणि सही केली.