लाल शाईची पोच

अच्युतराव मोघ्यांना त्या पत्राची आठवण व्हायला निमित्त लागत नसे. शब्दकोश उघडला की ते दिसे, आणि शब्दकोश ते दिवसातून दहादा उघडत. उत्तर लिहायला बसू तेव्हा चटकन सापडावे म्हणून त्यांनीच ते तिथे ठेवले होते. पत्र आले पावसाळ्यात. मग गणपती गेले, दिवाळी गेली, तुळशीची लग्ने लागली. उत्तर काही गेले नाही.

शाळेच्या वहीतून फाडलेले पान होते ते. टपोरे, लहान मुलीचे अक्षर. 'तूमी आमच्या वाडीचं नाव बदललं आसं पेपरात आलं. मंगळ्या माजा आजा. वाडी त्याने बसवली. त्याला आरेतूरे आमीच करतो, तूमाला काय तरास. नाव परत लावून द्या. ऊत्तर पाठवा. जिजा हिलम.'

बस, एवढेच. आणि त्या एवढ्याशा मजकुरावर सगळीकडे लाल शाई.

त्याचे असे झाले होते. अच्युतराव आयुष्यभर वाचनालयात नोकरीला होते आणि निवृत्त झाल्यापासून 'गाढीकाठ' नावाच्या गावातल्या साप्ताहिकाची मुद्रिते तपासत. पोस्टमनने पत्र हातात दिले तेव्हा त्यांच्या पुढ्यात मुद्रितांची चळत होती आणि बोटांत लाल पेन. पाकीट फोडले, पान उलगडले आणि हात आपोआप चालू लागला. 'तूमी'चे 'तुम्ही' झाले. 'आसं'चा काना उडाला. 'आरेतूरे' सरळ झाले. 'तरास' खोडून त्यांनी वर 'त्रास' लिहिले, आणि मग कुठे त्यांच्या डोक्यात शिरले की हे छापायला आलेले नाही, हे आपल्याला लिहिलेले आहे. तुम्हाला काय त्रास, असे विचारलेय, आणि ज्याला विचारलेय तो माणूस त्याचे जोडाक्षर सुधारत बसला आहे.

त्रास त्यांना काहीच नव्हता; दिला होता तो त्यांनीच. पंचायतीने गावातल्या चार जाणत्या मंडळींची एक समिती नेमली होती. वस्त्यांची जातीवरून पडलेली किंवा ऐकायला वाईट वाटणारी नावे बदलायला सुचवायची, एवढे काम. अच्युतराव बैठकांना जात, कोपऱ्यात बसत, चहा पिऊन घरी येत. उभ्या हयातीत त्यांनी चारचौघांत तोंड उघडलेले कोणाला आठवत नव्हते. पण यादीत डोंगराच्या पायथ्याची कातकऱ्यांची वाडी आली, 'मंगळ्याची वाडी', आणि काय झाले कोण जाणे, ते बोलले. म्हणाले, "हे 'या' लावून म्हणणं बरं नाही. माणसाला तुच्छ लेखल्यासारखं होतं. 'मंगलवाडी' करा. अर्थही चांगला आहे." मंडळींनी टाळ्या वाजवल्या. 'गाढीकाठ'च्या पुढच्या अंकात चौकट आली, 'मंगळ्याचे झाले मंगल', आणि खाली अच्युतरावांचे नाव. ते कात्रण त्यांनी आठवडाभर खिशात बाळगले होते. आता त्याची आठवण झाली तरी त्यांचे कान तापत.

उत्तर लिहायचे त्यांनी टाळले नव्हते. उलट फार लिहिले. पहिल्या खर्ड्यात प्रत्ययांचा उगम आला, तो फाडला. दुसऱ्यात समितीचा हेतू आला. तिसरा 'आपल्या भावना समजू शकतो' असा सुरू झाला, तो त्यांना स्वतःलाच वाचवेना. शिवाय मायना काय लिहावा? अक्षर लहान मुलीचे असले तरी बोलणे मोठ्या बाईचे होते. श्रीमती? सौभाग्यवती? त्या बाईविषयी आपल्याला एवढेही ठाऊक नाही, या विचाराने पेन खाली ठेवले जाई, आणि ठेवले की ते ठेवलेलेच राही.

तुळशीची लग्ने उरकल्यावर एका सकाळी दारावर थाप पडली. सून मिताली दार उघडायला गेली.

"मास्तर हायत का घरात?"

"इथे मास्तर कोणी नाही. बाबा आहेत."

"तेच ते. पुस्तकवाले."

आत आलेली बाई पन्नाशीची, काटक, बाजारातून रिकामी टोपली घेऊन परत चाललेली. मितालीने खुर्ची पुढे केली तशी ती कडेला टेकली आणि टोपली पायांशी ठेवली.

"मी जिजा. मंगळ्याच्या वाडीची. पावसात कागद धाडला होता तुमाला."

अच्युतराव उभेच राहिले.

"माजी नात हाय ना, दिपा, तिनं लिवला. मी सांगितला, तिनं लिवला. आता वाडीच्या तोंडाला कमान बांधतायत, शिमिटाची. तिच्यावर 'मंगलवाडी' कोरणार. हापिसात गेले तर साहेब बोलतो, खड्डे खणून झाल्यावर हरकत घेतेस काय? मी बोलले, मी तवाच घेतली, ज्यानं नाव सुचवलं त्यालाच धाडली. तो बोलतो, दाखव. आठ दिसांनी आमी समदी भट्टीवर जाणार विटा पाडायला. परत येऊ तवर नाव पक्कं झालेलं असंल. तर तेवढा कागद द्या मास्तर. दाखवून परत आणून देते."

अच्युतरावांच्या डोळ्यांपुढे ते लाल पान आले आणि त्यांचे तोंड त्यांना न विचारता बोलून गेले, "पत्र? नाही हो... आलं नसावं. हल्ली टपालाचं काही खरं नाही."

"नाय कसं? पोस्टमन बोलला, मास्तरांच्या हातात दिला."

"मग कुठे गहाळ..."

"अहो बाबा," पाण्याचा तांब्या घेऊन येता येता मिताली म्हणाली, "तुमच्या शब्दकोशात आहे तेच ना? परवा मी पुसायला घेतला तेव्हा पडलं होतं. जागेवर ठेवलंय मी."

तिने शब्दकोश काढला, पान काढले आणि जिजाच्या हातात दिले. तिच्या मनात काहीच नव्हते. अच्युतरावांना मात्र मेल्याहून मेल्यासारखे झाले. त्यांनी खिडकीची कडी धरली. बाहेर रिक्षावाले कोणाशी तरी हुज्जत घालत होते, तिकडे ते पाहत राहिले.

जिजाने पान लांब धरले, मग जवळ धरले.

"हे लाल काय हाय?"

मितालीने एकदा पानाकडे पाहिले, एकदा सासऱ्यांकडे, आणि ती गुपचूप आत गेली.

"शाळेत बाई आसंच लाल करतात दिपाच्या वहीत," जिजा म्हणाली. "चुका काढल्यात व्हय?"

अच्युतरावांनी होकारार्थी मान हलवली.

"मंग मार्क किती दिलं, मास्तर?"

ती हसली नाही. अच्युतरावांना वाटले, हसली असती तर बरे झाले असते.

"सवय आहे हाताला," ते पुटपुटले. "मी मुद्दाम नाही... वाचायच्या आधीच..."

"आमाला वाटलं, तुमी वाचलंच नाय. गरिबाचा कागद, दिला आसंल टाकून. दिपा रोज विचारायची, आला का जवाब? मी सांगायची, मोठा मानूस हाय, टाइम नसंल." तिने पानाची घडी घातली. "वाचलात तर. एक एक अक्षर बघून वाचलात."

आणि मग तिच्याच काहीतरी ध्यानात आले. घडी पुन्हा उघडून तिने त्या लाल रेघांवरून बोट फिरवले.

"ही तुमचीच शाई ना? ही साहेबाला दाखवली तर कागद तुमाला पोचला हे कळतंय की! आता नाय म्हणायची सोय नाय." तिने पान कमरेच्या पिशवीत ठेवले. टोपली उचलली. दारात थांबून म्हणाली, "पण जवाब लिवा. साहेबासाठी नाय सांगत. पोर वाट बघती."

दुपारी वरण वाढताना मिताली एवढेच म्हणाली, "मला माहीत नव्हतं, बाबा." अच्युतराव भात कालवत राहिले. माहीत असते तर तिने काय केले असते? त्यांच्यासाठी खोटे बोलली असती? तसे झाले असते तर आपल्याला बरे वाटले असते, हे ध्यानात येऊन त्यांनी ताट बाजूला सारले.

संध्याकाळी ते एसटी स्टँडजवळ 'गाढीकाठ'च्या कचेरीत गेले. शैलेश घरत, संपादक, जाहिरातदार आणि वार्ताहर सगळे एकटाच, टेबलावर वडापाव ठेवून फोनवर कोणाला तरी झापत होता. अच्युतरावांनी कागद पुढे सरकवला. मंगलवाडी हे नाव मी सुचवले, वाडीतल्या कोणालाही न विचारता सुचवले, ती माझी चूक होती, जुने नाव कायम राहावे, असे चार ओळींत लिहिले होते. याचीच एक प्रत त्यांनी येता येता पंचायतीच्या कार्यालयात देऊन पोच घेतली होती.

शैलेशने वाचले आणि फोन ठेवला.

"काका! 'मंगळ्याचे झाले मंगल' आपणच छापलं. आता आपणच छापायचं, झालं अमंगल?"

"शीर्षक देऊ नकोस. नुसतं छाप."

"समितीवाले म्हणतील, म्हाताऱ्याला चळ लागला. त्यांनापण तोंडघशी पाडताय तुम्ही."

"म्हणू देत."

शैलेश हसता हसता थांबला. वडापावाचा कागद त्याने बाजूला सारला. "खरं सांगू का, काका? माझ्या आज्याला आख्खं गाव पांड्या म्हणायचं. पांडुरंग नाव. बांधावर भांडणारेपण पांड्या म्हणायचे, तिरडी उचलणारेपण पांड्याच म्हणाले. तुम्ही बैठकीत ते बोललात ना, तेव्हाच माझ्या मनात आलं होतं. पण म्हटलं, काका एवढे वाचलेले. असेल काहीतरी व्याकरण."

अच्युतराव 'हं' म्हणाले आणि जिना उतरले. टाळ्या वाजवणारेही गप्पच बसले होते तर, आपल्या पुस्तकांना भिऊन. हे त्यांना अगदीच नवे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पत्र लिहायला बसले. निळे पेन घेतले. लाल पेन त्यांनी मितालीकडे देऊन टाकले, किराण्याच्या याद्यांना.

'जिजाबाई यांस,' त्यांनी लिहिले. मायना एवढाच.

'तुमचे पत्र मला पावसाळ्यातच मिळाले. मी ते वाचले होते. उत्तर दिले नाही, कारण मला लाज वाटत होती. वाडीचे नाव बदलावे, असे मीच सुचवले. त्याआधी मी वाडीवर आलो नाही.' पुढे 'मंगळ्या यांनी' असे लिहून ते अडले. 'मंगळ्या यांनी' हे कानाला खोटे वाटत होते. 'मंगळ्याने' म्हणायचा हक्क त्यांचा नव्हता, तो वाडीचा होता. जिजाने तर ते पहिल्याच पत्रात सांगून ठेवले होते. बऱ्याच वेळाने त्यांनी ते दोन शब्द खोडले आणि लिहिले, 'तुमच्या आजोबांनी वसवलेल्या वाडीला त्यांचेच नाव शोभते. तसे मी कार्यालयाला लिहून दिले आहे, प्रत सोबत आहे. साहेबांनी बोलावले तर मी तुमच्याबरोबर येऊन तोंडाने सांगेन.'

इथे थांबता आले असते. पत्र दिपा मोठ्याने वाचणार, जिजा ऐकणार, शेजारची चार माणसे ऐकणार. पुढचे लिहिले नाही तर कोणाला कळणार होते? त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

'काल तुम्ही घरी आलात तेव्हा पत्र आलेच नाही, असे मी खोटे सांगितले. दिपाच्या पत्रावर लाल शाई फिरवली तीही मीच. तिचे अक्षर चांगले आहे आणि तिने लिहिलेले मला पहिल्यांदा वाचतानाच कळायला हवे होते. अच्युत मोघे.'

खोडलेले दोन शब्द तसेच दिसत होते. स्वच्छ प्रत करावी, असे हाताला फार वाटले. त्यांनी ती केली नाही. पुन्हा वाचूनही पाहिले नाही, पाकीट चिकटवून टाकले. पोस्टाकडे जाताना अर्ध्या वाटेवर त्यांना आठवले की एका ठिकाणी अनुस्वार राहिला असावा. ते क्षणभर थबकले आणि चालू लागले.

खिडकीतल्या बाईंनी पाकीट वजनावर ठेवले आणि पत्ता वाचला.

"मंगळ्याची वाडी? आजोबा, याचं मंगलवाडी झालं ना? पेपरात आलं होतं."

"आलं होतं," अच्युतराव म्हणाले. "ते चुकलं होतं."

"मग काय ठेवू, हेच?"

"हेच. पोस्टमनला माहीत आहे."

बाईंनी पावती फाडून दिली, पाकिटावर शिक्का मारला आणि ते मागच्या पोत्यात टाकले. अच्युतराव पोत्याकडे बघत तिथेच उभे राहिले, मागच्या माणसाने "झालं ना तुमचं?" असे विचारीपर्यंत.